तुझ्या हिंदी गाण्यातला ‘फ’

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

इंदूरहून पाठवलेलं तुझं गाणं रात्री हेडफोन लावून तीनदा ऐकलं. चाल तुझीच, हे पहिल्या ओळीत कळलं. शब्द मात्र उसने वाटले. एका अंतऱ्यात ‘तन्हाई’, ‘फ़िज़ा’ आणि ‘रुसवा’? अरे, दोन वर्षं ज्या खानावळीत जेवतोस तिथे यातलं काय बोलतात? तिथली ‘अपन’ आणि ‘भिया’वाली हिंदी एव्हाना तुझ्या कानात मुरलीये. रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीच्या गर्दीत ज्या हिंदीत चिडतोस, हसतोस, तिच्यात लिही. गझलेच्या हिंदीसमोर तू सासुरवाडीला आल्यासारखा सावरून बसतोस.

आधी मराठीत लिहून मग हिंदीत उतरवायची सवयही सोड. ‘तेरा आवाज़’ तिथूनच आलंय. आपल्याकडे आवाज तो, तिकडे ती. ‘तेरी’ केलंस की यमक जाईल, म्हणजे ती ओळच नव्याने बांधावी लागेल. (तुझ्या वयात मी एका प्रेमगीतात ‘मेरी चेष्टा मत करना’ लिहिलं होतं. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. तबलजीने ठेका थांबवून विचारलं, “क्या नहीं करना है?”)

आता उच्चार. ‘फिर’ आणि ‘फूल’ तू खालच्या ओठावर दात टेकवून म्हणतोस. आपण सगळेच म्हणतो. तिथे दोन्ही ओठ मिटून श्वासाचा झटका द्यायचा. तोंडासमोर कागदाची पट्टी धर, नीट ‘फ’ आला की ती उडते. दात टेकवायचे ते ‘फ़िज़ा’ला, पण ती तर आपण काढतोच आहोत.

त्याहून खटकला तो ‘है’. त्यावर तू लांब सूर लावलास आणि त्याचा ‘हअई’ झाला. शेवटी सूर ‘ई’वर जाऊन चिमटला. हिंदीत तो एकच स्वर आहे, ‘बॅट’मधल्या ‘अॅ’च्या जवळचा. तोंड एकदा उघडलं की श्वास संपेपर्यंत जबडा हलवू नकोस. मराठी माणसाच्या उर्दूला डाळभाताचा वास येतो, असं दिलीपकुमार लताबाईंना म्हणाले होते. बाईंनी उर्दूची शिकवणी लावली.

पण सगळी मराठी घासून काढू नकोस हं. गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची 61 पदं आहेत. त्यात ‘नामे चे सुआमी’ असं येतं. तो ‘चे’ आपला, थेट पंढरपूरचा. एका पदात ‘तारीअले’ आहे, म्हणजे आपलं ‘तारिले’. पंजाबातले रागी, म्हणजे गुरुद्वारात कीर्तन गाणारे, ते तसंच गातात, ‘चे’चा ‘के’ कुणी केला नाही. तुझ्या अंतऱ्याची शेवटची ओळ जात्यावरच्या ओवीसारखी खाली उतरते. तिला हात लावू नकोस.

पुढचं रेकॉर्डिंग गिटारशिवाय पाठव. त्याआधी खानावळीतल्या काकूंना ऐकव. त्यांनी ज्या शब्दाचा अर्थ विचारला, तो बदल.

तुझा,
काका