'रन' म्हणजे धावणे, मग पाणी 'रन आउट' कसं होतं?

तुमचा प्रश्न असा: शाळेत 'रन म्हणजे धावणे' शिकलो, पण ऑफिसात कुणी धंदा 'रन' करतं, कुणाचा वेळ 'रन आउट' होतो, कुणी ताप 'रन' करतं, हे सगळं पाठ कसं करायचं? पाठ करू नका. आमच्या काकांनी केलं होतं.

मालवणजवळ आमच्या घराच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. गेल्या मे महिन्यात वरच्या खोलीतून मेसेज आला, 'वॉटर हॅज रन आउट'. काकांनी शब्दाला शब्द लावला: वॉटर पाणी, रन धावणे, आउट बाहेर. म्हणजे टाकी भरून पाणी बाहेर चाललंय! त्यांनी लगबगीने पंप बंद केला आणि पाना घेऊन शिडी चढले. वरून ओरडले, "टाकी सुकी खडखडीत, मगे पाणी खंय व्हावता?" पाहुणा तोंडाला साबण फासून दारात उभा, डोळे मिटलेले.

गंमत म्हणजे काकांचं पाणी अगदीच चुकलं नव्हतं. 'रन'च्या पोटात धावण्याइतकंच वाहणंही आहे. त्याच कुळातला जर्मन 'रिनेन' आजही पाणी वाहण्यासाठी, ठिबकण्यासाठी वापरतात. म्हणून धावणारा माणूस डोळ्यांपुढे आणू नका, घरामागचा व्हाळ, म्हणजे ओढा आणा. मिरगाचा पाऊस पडला की तो सुरू होतो आणि वाटेत काही आडवं आलं नाही तर चालूच राहतो. नळ 'रन' होतो, सर्दीत नाक 'रन' होतं, नव्या साडीचा रंग धुताना 'रन' होतो (आपण म्हणतो, रंग गेला). यंत्र आणि दुकान चालू ठेवणं हेही 'रन'च. आणि मे महिन्यात व्हाळ आटतो, तो 'रन आउट'. पाणी, पैसे, वेळ, गॅस, सगळ्याला हेच.

कोकण रेल्वेची गाडी 'रन' करते हे कुणालाही पटेल. पण इंग्रजीत रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा मार्गही 'रन' करतो, आणि रूळ तर जागचे हलत नाहीत! हसण्याआधी आठवा, आपलाही रस्ता देवगडला 'जातो'.

निवडणुकीची गोष्ट वेगळी. अमेरिकेत उमेदवार 'रन' करतो, ब्रिटनमध्ये 'स्टँड', म्हणजे आपल्यासारखाच उभा राहतो. 'रन इनटू' म्हणजे बाजारात कुणाची अचानक गाठ पडणं, किंवा गाडी भिंतीवर आदळणं. पुढे माणूस आहे की भिंत ते बघा. ताप मात्र 'रन' का करतात ते व्हाळावरून नीटसं सांगता येत नाही. तेवढं पाठ करा.

आकडाच हवा असेल तर, ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत 'सेट' हे क्रियापद सुमारे ४३० अर्थांनिशी पहिलं होतं. नंतर कोशकार पीटर गिलिव्हर यांनी 'रन' हाती घेतलं, नऊ महिने खपले आणि क्रियापदाचेच ६४५ अर्थ वेगळे काढले. हे ६४५ कुठल्याही इंग्रजाला तोंडपाठ नसतात.

आणि इंग्रजीला नावं ठेवण्याआधी आपलं 'लागणे' बघा. बोट धक्क्याला लागते आणि प्रवाशालाही बोट लागते. पहिल्यात दोर टाकायचा, दुसऱ्यात लिंबू द्यायचं. फणसाला फळ लागतं, गळाला मासा लागतो, पायाला ठेच लागते, घर लागतं, भूक लागते, वेड लागतं, मुलाला नोकरी लागते. बंगालहून आलेल्या एका पाहुण्याला मी हे समजावत होतो, तेव्हा त्याने वहीच मिटली. आपण हे कधी पाठ केलं? बोट कुणाला लागली ते ऐकलं, की अर्थ आपोआप कळतो. 'रन'चंही तसंच करा: आधी काय 'रन' होतंय ते बघा, मग मागून आलेला आउट, इनटू, ओव्हर, लेट असा शब्द बघा. एकट्या 'रन'कडे टक लावून काही हाती लागत नाही.

काका आता तेच करतात. परवा दुपारी मेसेज आला, 'वी आर रनिंग लेट'. त्यांनी 'लेट' वाचलं आणि तव्यावर टाकायला घेतलेले बांगडे परत मसाल्यात ठेवले.