उत्तर उताऱ्यात नेमके कुठे आहे?

प्रश्न : माझा मुलगा पाचवीत असून नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेची तयारी करतो आहे. मराठी उतारा तो न अडखळता घडाघडा वाचतो, पण खालच्या पाच प्रश्नांपैकी दोन-तीन हमखास चुकतात. क्लासमध्ये आधी प्रश्न वाचून मग उताऱ्यात उत्तर शोधायला सांगतात. आम्ही रोज एक सराव प्रश्नपत्रिकाही सोडवून घेतो, तरी फरक पडत नाही. काय करावे?
– एक पालक, सातारा जिल्हा

उत्तर : या परीक्षेत भाषेचे २० प्रश्न असतात आणि ते सगळे चार उताऱ्यांवरच बेतलेले असतात; म्हणून आपली काळजी अगदी रास्त आहे. मुलगा घडाघडा वाचतो ही जमेची बाजू आहे. मात्र वाचताना अर्थ लागतो आहे का, हे त्यावरून कळत नाही. त्याचे उत्तर कुठे निसटते, हे एका उदाहरणावरून पाहू.

‘पाऊस लांबेल या अंदाजाने आबांनी पेरणी थांबवली. पण चारच दिवसांत पाऊस आला आणि शेजारच्या रानात कोंब दिसू लागले, तेव्हा आबांना रात्र-रात्र झोप येईना.’ आता प्रश्न असा की, आबांना झोप का येईना? ‘पाऊस लांबला म्हणून’ हा पहिला पर्याय आणि ‘पेरणी थांबवून चूक केली असे वाटले म्हणून’ हा तिसरा. पुष्कळ मुले पहिल्या पर्यायावर खूण करतात, कारण ‘पाऊस’ आणि ‘लांबणे’ हे शब्द उताऱ्यात डोळ्यांना दिसतात. तिसऱ्या पर्यायातली ‘चूक’ मात्र उताऱ्यात कुठेच लिहिलेली नसते, ती ‘पण’ आणि ‘तेव्हा’ या दोन लहानशा शब्दांवरून ओळखावी लागते. चुकीचे पर्याय बहुधा उताऱ्यातलेच शब्द घेऊन तयार केलेले असतात. आधी प्रश्न वाचून उत्तर शोधण्याच्या सवयीने मूल नेमके असेच शब्द हुडकत फिरते, म्हणून निदान सध्या तरी ती सवय मोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. भाषेच्या विभागासाठी ३० मिनिटे धरलेली असतात, म्हणजे एका उताऱ्याला सात-साडेसात मिनिटे मिळतात. तेवढ्यात पूर्ण उतारा शांतपणे वाचून होतो.

रोजची प्रश्नपत्रिका काही आठवडे बाजूला ठेवा आणि दिवसाला एकच उतारा घ्या. वाचून झाल्यावर उतारा झाकून ‘काय घडले?’ असे विचारा आणि त्याला घरच्या बोलीत सांगू द्या. मग प्रश्न वाचावा, पण पर्यायांवर हात ठेवून; आधी उत्तर स्वतःच्या शब्दांत द्यावे आणि नंतर त्याच्याशी जुळणारा पर्याय शोधावा. उत्तर बरोबर आले तरी ‘हे कशावरून?’ असे विचारून त्या ओळीवर बोट ठेवायला लावा. हे कंटाळवाणे वाटेल, पण मूल अंदाजाने खूण करते की समजून, हे त्या बोटावरून लगेच कळते.

दुसरी गोष्ट विषयाच्या ओळखीची. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ साली अमेरिकेतल्या ६४ विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले, वाचनात पक्की पण खेळाची फारशी माहिती नसलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. परीक्षेतला उतारा पाणी, पक्षी, थोरांचे जीवन, आजार अशा कशावरही येऊ शकतो. त्यामुळे त्याच्या कानावर आणि डोळ्यांखालून भरपूर विषय जायला हवेत. बालभारती १९७१ पासून ‘किशोर’ मासिक काढते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. रोज त्यातले एखादे पान त्याच्यासोबत आपणही वाचावे.

शेवटच्या महिन्यात घड्याळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका पुन्हा सुरू करा. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये, हेही त्याला सांगून ठेवा.