गव्याचं आणि बैलाचं वशिंड एकच असतं का? संकरित गोऱ्ह्याला ते का नसतं?

एकच नसतं. गव्याच्या पाठीवरचा उंचवटा हाडाचा असतो, मणक्यांची वरची टोकंच लांब वाढलेली आणि त्यावर मांस. कोल्हापूरकडच्या दाजीपूरच्या अभयारण्यात गवा आडवा उभा दिसला तर बघा, उंचवटा खांद्यापासून अर्ध्या पाठीपर्यंत येतो आणि तिथे एकदम पायरी पडते. आपल्या बैलाचं वशिंड, म्हणजे खांद्यावरचा उंचवटा, हाताने धरून हलवता येतं, आत हाड नाहीच. तुम्ही प्रश्नात लिहिलंय "वशिंड म्हणजे नुसती चरबी ना?", हेच वाक्य आमच्या चुलत्यांचं, म्हणून लिहायला बसलो. चरबी असते थोडी, पण मुळात तो स्नायू आहे.

2003 चा दुष्काळ, आमचं गाव आटपाडीकडचं. चारा नाही म्हणून खिलार या देशी जातीच्या जोडीतला एक विकला आणि चुलते म्हणाले गोठ्यात जर्सी क्रॉसचा (विदेशी जर्सीशी संकर झालेला) गोऱ्हा आहेच की, त्यालाच जुंपू, बैल तो बैल. वडील नको म्हणत होते, पण मोठ्या भावापुढे बोलले नाहीत. वैशाखातली नांगरट, दहा वाजले नाहीत तोवर गोऱ्ह्याची जीभ बाहेर, तोंडाला फेस, आणि शेजारचा खिलार जरा थांबलं की निवांत रवंथ करतोय. जू वशिंडाच्या पुढे मानेवर बसतं, वशिंड त्याला मागे सरकू देत नाही. गोऱ्ह्याला अडवायला काही नव्हतंच, जू मागेपुढे घासत राहिलं. चौथ्या दिवशी नारळाएवढी खांदेसूज, मी हात लावला तर भाजल्यासारखी गरम, बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा.

खिलारच्या मानेवरही जू घासतंच, पण तीन वर्षांचा झाल्यावर हळूहळू कामाला लावला की तिथली कातडी जाड होते, घट्टा पडतो. आमच्याकडे बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आदल्या दिवशी तूप-हळद लावून खांदेमळणी करतात ती याच जागेची. उन्हाचं म्हणाल तर देशी जनावराच्या घामाच्या ग्रंथी मोठ्या आणि जास्त असतात, केस आखूड, कातडी सैल, गळ्याखाली पोळी (लोंबती कातडी), अंगातली उष्णता बाहेर पडते. जर्सी थंड बेटावरची, बिनवशिंडाच्या युरोपातल्या गाईंच्या वंशातली. दोघांचेही पूर्वज औरॉक्स नावाचे रानबैल (शेवटचं जनावर 1627 मध्ये पोलंडमध्ये मेलं), पण आपली गाय सिंधूच्या बाजूला वेगळी माणसाळली, त्यामुळे हजारो वर्षं वेगळ्या हवेत घडलेली दोन शरीरं आहेत ही.

जर्सीचं रक्त किती त्यावर गोऱ्ह्याचं वशिंड ठरतं, काहींना बऱ्यापैकी येतं, आणि दुधाला क्रॉस गाय वाईट असं मी म्हणत नाही, आमच्याही गोठ्यात दोन आहेत. पण तुम्ही गोऱ्हा औताला घ्यायचा विचार करत असाल तर नका घेऊ, निदान उन्हाळी नांगरटीला तरी नकोच. आमचे चुलते आजही म्हणतात की तो गोऱ्हाच नाजूक निघाला. नाजूक नव्हता तो, त्याच्या मानेवर नको ते काम टाकलं होतं आणि वडील तेव्हा बरोबर सांगत होते.