‘गोळी’, ‘छरा’ की ‘काडतूस’, आणि नंबराचा उलटा क्रम

शिकारीवरील लेखाचा अनुवाद करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की ‘लाव्यासाठी आठ नंबर, सशासाठी सहा नंबर’ या वाक्यात ‘गोळी’, ‘छरा’ आणि ‘काडतूस’ यांपैकी कोणता शब्द घालावा, आणि लावा या लहानशा पक्ष्याला मोठा नंबर का.

येथे ‘छरा’ हवा. ‘काडतूस’ म्हणजे कवच, दारू आणि छरे किंवा गोळी मिळून बंदुकीत भरली जाणारी संपूर्ण वस्तू. प्रत्यक्ष लागते ती रायफलची एकच गोळी किंवा शॉटगनमधून एकदम सुटणारे अनेक छरे. उडत्या पक्ष्याला ‘गोळी घातली’ असे लिहिले की वाचकापुढे रायफल उभी राहते. बसलेल्या सशावर पॉइंट बावीसची रायफल चालवली असेल, तर मात्र ‘गोळी’च बरोबर. (‘छर्रा’ हे रूपही चालते. एअरगनच्या एकट्या दाण्यालाही छराच म्हणतात, म्हणून शॉटगनच्या संदर्भात अनेकवचन आवर्जून ठेवावे.)

नंबराचा क्रम उलटा असतो. अमेरिकी पद्धतीत 17 मधून नंबर वजा केला की छऱ्याचा व्यास इंचाच्या शतांशांत मिळतो. म्हणजे सहा नंबरचा छरा 0.11 इंच, सुमारे 2.8 मिलिमीटर, आणि आठ नंबरचा 0.09 इंच, सुमारे 2.3 मिलिमीटर. बारीक छरे तेवढ्याच वजनात संख्येने अधिक बसतात, त्यामुळे लहान पक्षी त्यांच्या फैलावातून सहसा निसटत नाही. पण हलका छरा वेग लवकर गमावतो आणि सशाच्या अंगात पुरेसा खोल जात नाही. शिसे टाळून पोलादी छरे घेतले, तर पोलाद हलके असल्याने साधारण दोन नंबरांनी जाड छरा निवडतात. ब्रिटिश सहा नंबर मात्र सुमारे 2.6 मिलिमीटरचा असतो, म्हणून मूळ लेख कोणत्या देशातला आहे ते पाहून व्यास मिलिमीटरमध्ये देणे मला अधिक सुरक्षित वाटते.

शॉटगनच्या वर्णनात येणाऱ्या ‘बारा बोअर’मधला आकडा छऱ्याचा नव्हे, नळीचा आहे: एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर त्यांतला एक ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअर. त्यामुळे वीस बोअरची नळी बारीक असते. चारशे दहा बोअर या हिशेबात बसत नाही, कारण तो आकडा थेट इंचाच्या सहस्रांशांतला व्यास आहे. दोन्ही आकडे एकत्र आले, तर ‘बारा बोअरचे, सहा नंबर छऱ्यांचे काडतूस’ असे लिहावे.