छोट्या गावाचा इतिहास जपून लोकांपर्यंत पोचवायचा असेल तर पुस्तक काढावं की वेबसाइट?

दीड हजार वस्तीचं गाव आहे म्हणता, थोडे पैसेही जमलेत म्हणता. मग पुस्तक काढा नाहीतर वेबसाइट काढा, काही बिघडत नाही. खरं भांडण आत काय घालायचं यावर होतं, आणि ते बहुतेक तुमच्याच घरात होईल. आमच्याकडे झालं.

आमचं गाव वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. लहानपणी सुगी आटोपली की हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी लिहून ठेवणारा, यायचा, बैलावर बसून. आजोबा सोप्यात घोंगडं अंथरायचे. तो चोपडी उघडून एका सुरात नावं वाचायचा. मूळपुरुष कुठून आला, कुणाला किती मुलगे, कोण निपुत्रिक गेला. मग नव्याने जन्मलेल्यांची नावं लिहून घ्यायचा आणि सूपभर जोंधळा घेऊन पुढच्या घरी. आजोबा गेले आणि आमच्या थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे आबांनी, त्याला दारातूनच वाटेला लावला. "आमचा बाप कोण ते आता ह्यो सांगणार व्हय?"

2011 साली मी सुट्टीला गेलो तेव्हा तेच हेळवी शेजारच्या गावात उतरल्याचं कळलं. बैल जाऊन टेम्पो आला होता. मी जाऊन दोन तास फोनवर रेकॉर्डिंग केलं. त्यांच्या चोपडीप्रमाणे आमचा मूळपुरुष दुष्काळात जतकडून दोन म्हशी घेऊन आला आणि पाटलाच्या रानात उपरी म्हणून राहिला. वतनी जमिनीचा मिरासदारसुद्धा नव्हे, उपरी, म्हणजे बाहेरून येऊन दुसऱ्याचं रान कसणारा.

पुढच्या वर्षी देवळाचा जीर्णोद्धार झाला, स्मरणिका निघाली. समितीचे अध्यक्ष आबा, 'गावाचा इतिहास' लिहिणारेही आबाच. त्यात आमचं घराणं थेट राजस्थानातून आलेलं! पुरावा काही नाही. मी रेकॉर्डिंग ऐकवलं तर म्हणाले, "खरं असंल, पर छापायची काय गरज?" गावोगावच्या स्मरणिका याच वाक्यावर निघतात. बाकी पानं देणगीदारांच्या फोटोंना.

मलाही मग ईर्ष्या चढली. सप्ताहात कीर्तन संपल्यावर फोन स्पीकरला जोडला आणि हेळव्याचा आवाज देवळात सोडला. आबा उठून गेले. बायकांत बसलेली आत्या तिथूनच ओरडली, "म्हशी कुठल्या, शेरडं हुती!" आणि मग तासभर बायकाच बोलल्या. इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या वेळी उसात लपलेल्या भूमिगतांना कुणाच्या घरातून भाकरी जायच्या, त्या कोण नेऊन देई, पोलिस आले की कुठल्या गोठ्यात कालवा व्हायचा. प्रतिसरकारचे पुढारी नाना पाटील आमच्याकडे पोराबाळांना माहीत आहेत, पण त्या भाकरी कुणी थापल्या हे कुठल्याच पानावर नव्हतं. स्मरणिकेत प्रतिसरकारला दोन ओळी होत्या आणि त्याही भाषणातल्या.

त्या तासाभरातलं एक अक्षर माझ्याकडे नाही. फोन स्पीकरला अडकला होता आणि दुसरा फोन मागायचं मला सुचलं नाही. आत्या दोन वर्षांनी गेली.

म्हणून लोकांना जुनं काही ऐकवाल तेव्हा शेजारी दुसरा फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवा. लोक प्रश्नाला उत्तर देत नाहीत, चूक दुरुस्त करायला मात्र सगळे बोलतात. सुरुवातीला बोलणाऱ्याचं नाव, वय, आळी आणि तारीख त्यांच्याच तोंडून घ्या. फाइल तीन जणांकडे ठेवा, त्यातला एक गावात राहणारा हवा. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर आणि तलाठ्याकडचे जुने फेरफार बघा. मोडी कागद निघाले तर जागेवर फोटो काढा, मूळ कागद घरातून हलवू नका. लॅमिनेशन तर अजिबात करू नका. मी एक महजर, म्हणजे जुना निवाड्याचा कागद, झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून आणला. आता त्या प्लॅस्टिकमधून तो सुटत नाही आणि आत पिवळा पडत चाललाय. वीरगळांना, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांना, ऑइलपेंट लावणाऱ्यांशी भांडा, पण शेंदूर लावणाऱ्यांशी नको, त्यांच्यामुळेच तो दगड कुणाच्या घराच्या पायात गेलेला नसतो.

वेबसाइटचं म्हणाल तर डोमेनचे पैसे भरणारा मुंबईला गेला की ती बंद. शाळेत आणि ग्रामपंचायतीत छापील प्रत ठेवा, मग हवं ते करा.

एवढं बोललो तर हेही सांगायला हवं की हेळव्याची चोपडी म्हणजे वेद नव्हेत. नकलेवरून नक्कल होत आलेली असते आणि यजमानाला खूश ठेवणं त्यांच्याही पोटाचा प्रश्न आहे. म्हशी की शेरडं, मला आजही ठाऊक नाही. आणि जिवंत माणसांच्या बांधाच्या तंट्याचं काही असेल तर न विचारता स्पीकरवर लावू नये. माझंही त्या रात्री तेवढं चुकलंच, पण आबांसमोर ते मी कबूल केलेलं नाही.

2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायची झुंबड उडाली तेव्हा आबांच्या नातवाचा फोन आला. "दादा, खापरपणजोबांच्या वडलांचं नाव काय हुतं? आबा म्हणालं, तुझ्याकडं हेळव्याचं काय तरी हाय."

अख्खी फाइल पाठवली, दोन म्हशींसकट.