वाचकांचे प्रश्न : पिझारो, 168 माणसं आणि इंकांचं राज्य

प्रश्न (सांगलीहून एक वाचक): मुलगा मोबाईलवर व्हिडिओ बघत होता, त्यात सांगत होते की फ्रान्सिस्को पिझारोने फक्त 168 माणसं घेऊन इंकांचं अख्खं साम्राज्य जिंकलं. हे शक्य तरी आहे का? की आकडा फुगवलाय?

आकडा बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा आहे. 16 नोव्हेंबर 1532 ला दक्षिण अमेरिकेत, पेरूतल्या काहामार्का गावात पिझारोबरोबर 168 च्या आसपासच स्पॅनिश माणसं होती, त्यातले 62 घोडेस्वार. पण त्याच्या आधी काय काय झालं होतं ते बघा ना. स्पॅनिश लोक तिथे पोचायच्या आधीच त्यांनी खंडात आणलेली रोगाची साथ, बहुधा देवीची, इंकांच्या मुलखात पोचली होती, त्यात सम्राट हुआयना कापाक गेला, त्याचा वारस गेला, आणि मग हुआस्कार आणि अताहुआल्पा या दोन सावत्र भावांत गादीवरून युद्ध पेटलं. भाऊबंदकीत राज्य कसं पोखरतं ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. अताहुआल्पा नुकताच जिंकला होता, काहामार्काजवळच्या गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी मुक्काम होता, हजारोंचं सैन्य सोबत, त्यामुळे या मूठभर दाढीवाल्यांची भीती वाटायचं त्याला काही कारणच नव्हतं.

भेटायला तो पालखीतून आला, बरोबरची हजारो माणसं जवळपास निःशस्त्र. पिझारोने चौकाच्या आजूबाजूच्या इमारतींत घोडे आणि माणसं लपवून ठेवलेली. विसेंते दे वाल्व्हेर्दे नावाचा पाद्री पुढे झाला, ख्रिस्ती धर्म आणि स्पेनचा राजा मान्य कर म्हणाला, हातातलं धर्मपुस्तक दिलं, अताहुआल्पाने ते चाळून जमिनीवर टाकलं. तेवढं निमित्त पुरलं. तोफा, घोडे, तलवारी, आणि चौकातून बाहेर पडायला अरुंद वाटा, लोक एकमेकांवर पडून चेंगरून मेले. दोनेक तासात हजारो माणसं गेली आणि स्पॅनिश बाजूचा एकही नाही, अताहुआल्पा मात्र जिवंत कैद झाला. याला लढाई म्हणायला माझी जीभ वळत नाही, ती कत्तल होती.

आणि त्या दिवशी साम्राज्य जिंकलं असंही नाही हं. इंकांची राजधानी कुस्को हातात आली नोव्हेंबर 1533 मध्ये, 1536 ला अताहुआल्पाचा सावत्र भाऊ मांको इंका याने इतकं मोठं बंड केलं की कुस्कोतले स्पॅनिश महिनोन्‌महिने वेढ्यात अडकले, आणि विल्काबाम्बाच्या जंगलातलं शेवटचं इंका राज्य पडलं 1572 ला. म्हणजे चाळीस वर्षं! या सगळ्यात स्पॅनिशांच्या बाजूने लढणारे कान्यारी, हुआन्का, चाचापोया असे स्थानिक लोक होते, ज्यांना इंकांनी आधी दाबून ठेवलं होतं आणि ज्यांना वाटलं आता आपली सुटका होईल. पेरूची आजची राजधानी लिमा, तिच्याजवळ पुरुचुको इथे त्या बंडाच्या काळातले सांगाडे सापडलेत, एका कवटीत बंदुकीच्या गोळीचं भोक आहे, पण हाडांवरचे बरेचसे घाव दगडी गदांचे, म्हणजे स्थानिकांनी स्थानिकांवर केलेले. व्हिडिओतल्या 168 मध्ये ही माणसं कुठेच नाहीत. मुलाला हे नक्की सांगा.

प्रश्न (नाशिकची कॉलेज विद्यार्थिनी): खोलीभर सोनं देऊनही अताहुआल्पाला मारलं का?

ती खोली साधारण 22 फूट लांब आणि 17 फूट रुंद होती. हात उंच केल्यावर पोचेल तिथपर्यंत ती एकदा सोन्याने आणि दोनदा चांदीने भरून देतो, असं त्याने सुटकेसाठी कबूल केलं. देशभरातून महिनोन्‌महिने लामा नावाच्या ओझ्याच्या जनावरांच्या पाठीवरून माल येत होता. वितळवल्यावर सुमारे 6 टन सोनं आणि 11 टनांहून जास्त चांदी भरली, एकेका घोडेस्वाराच्या वाट्याला 40 किलोच्या आसपास सोनं आलं. मला स्वतःला सगळ्यात जास्त लागतं ते हे वितळवणं. मूर्ती, भांडी, मंदिरांच्या भिंतींवरचे पत्रे, पिढ्यान्‌पिढ्यांचं काम, आणि ते भट्टीत घालायला इंकांच्याच सोनारांना बसवलं.

एवढं झाल्यावर पिझारोचा भागीदार दिएगो दे आल्माग्रो नवी माणसं घेऊन आला, त्यांना या खंडणीत खरा वाटा नव्हता, त्यांना पुढे कुस्कोला जायची घाई. त्यात अफवा उठली की अताहुआल्पाला सोडवायला सैन्य येतंय. पिझारोचा एक सरदार एर्नान्दो दे सोतो, त्याला खरंखोटं बघायला पाठवलं आणि तो परत यायची वाटही न बघता 26 जुलै 1533 ला अताहुआल्पाला संपवलं. जिवंत जाळणार होते, बाप्तिस्मा घेतला म्हणून गळा आवळून मारलं. दे सोतो परत आला, सैन्य वगैरे काहीही नव्हतं. स्पेनच्या राजालाही एका राजाला असं मारलेलं आवडलं नाही. पण सोन्यातला त्याचा पाचवा हिस्सा मात्र रीतसर पोचला.

प्रश्न (पुण्याचे निवृत्त शिक्षक): पिझारो निरक्षर होता हे खरं का?

हो सर. स्पेनमधल्या त्रुहियो गावचा, एका सरदाराचा अनौरस मुलगा, त्याला कोणी शाळेत घातलंच नाही. सही करायची वेळ आली की तो दोन बाजूंना दोन नक्षीदार फराटे काढायचा आणि मधे नाव लेखनिक लिहायचा. डुकरं राखायचा ही गोष्ट मात्र दंतकथा समजा.

प्रश्न (रत्नागिरीहून एक वाचक): बटाटा पिझारोने आणला असं ऐकलं, खरं का?

नाही. बटाटा अँडीज पर्वतातल्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षं जोपासलेला, पिझारोला त्यात रस नव्हता, त्याला सोनं हवं होतं. आपल्याकडे तो पोर्तुगीजांमुळे आला, शब्दही त्यांचाच. आणि फक्त बटाटा नाही, उपासाच्या ताटातली रताळी, शेंगदाणे, हिरवी मिरची, साबुदाणा ज्याच्यापासून करतात तो कंद, सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. दुसरी गोष्ट आली ती चांदी. पिझारोच्या मृत्यूनंतर चारच वर्षांनी, 1545 ला आताच्या बोलिव्हियातला पोतोसीचा चांदीचा डोंगर सापडला, अँडीजमधल्या लोकांना सक्तीने खाणीत उतरवलं, आणि अमेरिकेतली चांदी व्यापारातून फिरत फिरत सुरतेच्या टांकसाळीत वितळून मुघलांचे रुपये झाली.

प्रश्न (अमेरिकेतून एक मराठी वाचक): आम्ही लिमाला जाऊन आलो. कॅथेड्रलमध्ये पिझारोची कबर बघितली. तिथले लोक त्याला मानतात की नाही?

लिमा शहर त्यानेच 18 जानेवारी 1535 ला वसवलं, त्यामुळे त्याला पूर्ण पुसताही येत नाही आणि मानताही येत नाही अशी त्या लोकांची अडचण आहे. घोड्यावरचा त्याचा पुतळा 1935 ला बसवला, मग जागा बदलली, 2003 ला मुख्य चौकाजवळून काढला, नंतर एका बागेत ठेवला आणि जानेवारी 2025 मध्ये परत मध्यवर्ती भागात आणला, त्यावरूनही वाद झालाच.

तुम्ही बघितलेल्या कबरीचीही गोष्ट आहे. जुन्या भागीदाराशी, त्या आल्माग्रोशी, त्याचं कुस्कोवरून फाटलं, 1538 ला पिझारोच्या सावत्र भावाने, एर्नान्दो पिझारोने, आल्माग्रोला मारलं, आणि 26 जून 1541 ला आल्माग्रोच्या माणसांनी पिझारोला लिमातल्या घरात घुसून भोसकलं. नंतर 1891 पासून एक वाळलेलं प्रेत पिझारोचं म्हणून काचेत ठेवलेलं, लोक येऊन बघायचे. 1977 ला तळघरात काम करताना शिशाची पेटी सापडली, आत कवटी, वर पिझारोचं नाव कोरलेलं. तपासणीत हाडांवर तलवारीचे भरपूर वार निघाले आणि काचेतला माणूस दुसराच कोणीतरी ठरला.

पण पुढच्या वेळी स्पेनला गेलात तर त्रुहियोला जाच. अताहुआल्पाची सावत्र बहीण किस्पे सिसा पिझारोच्या घरात दिली गेली होती, तिला 1534 ला मुलगी झाली, फ्रान्सिस्का. 1536 ला बंडवाल्यांनी लिमाला वेढा घातला तेव्हा किस्पे सिसाच्या आईने माणसं पाठवून पिझारोला वाचवायला मदत केली. बाप मेल्यावर दहा वर्षांनी फ्रान्सिस्काला स्पेनला पाठवलं आणि तिथे तुरुंगात असलेल्या काकाशी, बापाच्या त्याच सावत्र भावाशी, एर्नान्दोशी, तिचं लग्न लागलं, सतरा-अठरा वर्षांची पोर ती. त्या दोघांनी बांधलेला वाडा त्रुहियोच्या चौकात आहे. समोर घोड्यावर पिझारोचा पुतळा, लिमातल्यासारखाच, बहुतेक लोक त्याचेच फोटो काढतात. तुम्ही वाड्याच्या कोपऱ्याकडे वर बघा, तिथे दगडात फ्रान्सिस्काचा चेहरा आहे आणि तिच्या आईचाही.