कर्जाआधी मुलाचा अठरावा वाढदिवस पाहा

प्रश्न: मी नाशिकला खासगी शाळेत शिक्षिका आहे. वय ४४, पगार ३८ हजार. ब्रिटनला जाऊन ‘ऑटिझम आणि समावेशक शिक्षण’ यात एक वर्षाचं एम.ए. करायचं आहे. खर्च ३५ लाख. ३० लाख कर्ज, उरलेले तीन वर्षं हप्ते भरलेला युलिप (विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) मोडून. परतल्यावर ७५ हजारांची नोकरी मिळेल, असं परदेशी शिक्षणाचे सल्लागार सांगतात. मुलगा सतरा वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे. शिक्का नको म्हणून दाखला काढला नाही. त्याच्या नावे १८ लाखांची एफडी आहे आणि युलिपला नॉमिनी तोच, त्यामुळे त्या बाजूने निश्चिंत आहोत. कर्ज घ्यावं का?

उत्तर: नको.

३० लाख, ११ टक्के, १० वर्षं: हप्ता ४१ हजार. ७५ हजार मिळालेच तर हातात ३४ उरले, म्हणजे आजच्यापेक्षा चार कमी. शिकत असतानाचं व्याज यात धरलेलंच नाही. आणि ते ७५ हजार कुणाच्या भरवशावर? आपल्याकडे विशेष शिक्षक म्हणून काम करायला १९९२च्या कायद्याखालच्या पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते. ‘या पदवीवर नोंदणी क्रमांक मिळेल का?’ एवढंच सल्लागारांना विचारा आणि उत्तर लेखी मागा. आरसीआय-मान्य विशेष बी.एड. दोन वर्षांत इथेच होतं. संस्थेची मान्यता तुमच्या बॅचच्या वर्षासाठी आहे ना, ते मात्र प्रवेशाआधी बघा.

युलिपचे पैसे फीला मिळणारच नाहीत. पाच वर्षं लॉक-इन आहे. उदाहरणार्थ, वर्षाला लाखाचा हप्ता असलेली पॉलिसी चौथ्या वर्षी बंद केलीत तर दंड जास्तीत जास्त २ हजार, पण रक्कम हातात पाच वर्षं पुरी झाल्यावरच. हे विकताना कुणी सांगितलं नसणार.

आता तुम्ही न विचारलेलं. २०२४पासून ब्रिटनमध्ये अशा एम.ए.च्या विद्यार्थ्यांना कुटुंबाला सोबत नेता येत नाही. म्हणजे मुलगा इथे, तुम्ही तिथे, आणि त्याच वर्षात तो अठराचा होणार. त्या दिवशी आईवडिलांची ‘नैसर्गिक पालक’ म्हणून सही संपते. एफडी मोडायची तर सही त्याची. तो व्यवहार समजून सही करू शकत असेल तर उत्तमच. नसेल, तर बँक पालकत्वाचा आदेश मागेल आणि १८ लाख तोवर अडकतील. युलिपचंही तेच. नॉमिनी अज्ञान (अठरा पूर्ण न झालेला) म्हणून त्याच्या वतीने पैसे घ्यायला जो अपॉइंटी नेमलाय, त्याचा अधिकारही अठराला संपतो. तुमच्यामागे विम्याचा पैसा ज्याला सही जमत नाही त्याच्या हाती. ज्याला तुम्ही निश्चिंती म्हणता, ती नेमकी इथे फसते.

पालकत्व राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडून मिळतं. अर्जाला अपंगत्वाचा दाखला लागतो, आणि पत्रात एक ओझरतं वाक्य आहे: ‘शिक्का नको म्हणून दाखला काढला नाही’. त्या एका कागदावर बरंच अडलंय. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर जुन्या करप्रणालीत अपंग अवलंबितासाठीची (१९६१च्या प्राप्तिकर कायद्यातलं कलम ८०डीडी) ७५ हजारांची सरसकट वजावट (८० टक्क्यांपासून सव्वा लाख); थेरपीची बिलं जोडायची नाहीत. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेतून लाखापर्यंतचं आरोग्य संरक्षण. शिवाय अज्ञान मुलाचं एफडीचं व्याज एरवी आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात धरतात. अपंगत्व असेल तर नाही. पण ते सिद्ध करायला दाखला हवा. तुम्ही ते व्याज आजवर कुठे दाखवलंत? सीएंना विचारा.

तेव्हा या महिन्यात यूडीआयडीसाठी, म्हणजे अपंगत्वाचा दाखला आणि ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करा. तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयातली तारीख मिळेल. तिथे ऑटिझम किती आहे ते मोजायला आयएसएए ही भारतीय मोजपट्टी लावतात. शाळेचे आणि थेरपीचे जुने अहवाल बरोबर न्या. दाखला हातात आला आणि मुलगा अठराचा झाला की पालकत्वाचा अर्ज, तुम्हा दोघा आईवडिलांच्या नावाने. मधल्या काळात एकमेकांना नॉमिनी करा, वकिलाकडून मृत्युपत्र आणि मुलासाठी खासगी विश्वस्तपत्र (ट्रस्ट डीड) करून घ्या, त्यात तुमच्याहून वयाने लहान असे दोन विश्वस्त नेमा. यापुढची बचत मुलाच्या नावे टाकू नका.

आणि युलिपचा पुढचा हप्ता भरण्याआधी यजमानांसाठी एक कोटीच्या टर्म विम्याचं कोटेशन मागवा. त्यांच्या विम्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही.